नवजात बाळाच्या डोळ्यांचा संसर्ग

जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांत बाळाचे डोळे लाल झाले, पापण्या सुजल्या आणि डोळ्यांतून घाण येऊ लागली, तर डॉक्टर आधी बाळाचे वय विचारतात, कारण आजाराचे मूळ कशात असावे याचा पहिला अंदाज त्यावरूनच बांधता येतो.

पहिल्याच दिवशी आलेली लाली पुष्कळदा जन्मल्यावर घातलेल्या सिल्व्हर नायट्रेटसारख्या औषधामुळे असते आणि दोन-चार दिवसांत ओसरते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पापण्या टच्च फुगून दाट पू वाहू लागला, तर मात्र गनोरियाची, म्हणजेच परम्याची, शंका घ्यावीच लागते. याचे जंतू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा झालेली नसतानाही त्यात शिरू शकतात, आणि उपचार लांबले तर तेथे व्रण होऊन छिद्र पडू शकते, कधी कधी अवघ्या एका दिवसात. एवढ्याशा जिवाची दृष्टी जाण्याची ही भीती खरी आहे, म्हणून येथे सकाळपर्यंतही थांबू नये. क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या दुसऱ्या जंतूचा संसर्ग सहसा पाचव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान दिसतो. त्याच जंतूंमुळे पुढे न्यूमोनियाही होऊ शकतो.

डोळा पांढराशुभ्र असून केवळ पाणावत व चिकटत असेल, तर बहुधा अश्रुनलिका पूर्ण उघडलेली नसते. बहुतेक बाळांमध्ये ती वर्षभरात आपोआप मोकळी होते.

गनोरिया व क्लॅमिडियाचे जंतू प्रसूतीच्या वेळी जन्ममार्गातून बाळाच्या डोळ्यांत जातात. लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी 1880 साली नवजात बाळांच्या डोळ्यांत 2 टक्के सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्यास सुरुवात केली, आणि त्यांच्या प्रसूतिगृहात सुमारे 10 टक्के बाळांना होणारा हा आजार 1 टक्क्याच्याही खाली आला. आज अनेक ठिकाणी त्याऐवजी एरिथ्रोमायसिनचे मलम लावतात. क्लॅमिडियाला मात्र ते खात्रीने रोखत नाही, म्हणून गर्भवतीची वेळीच तपासणी व उपचार करणे, हाच अधिक भरवशाचा मार्ग आहे.

संसर्ग झाल्यावर नुसते थेंब घालून भागत नाही. गनोरियासाठी बाळाला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे इंजेक्शन देऊन डोळे सलाइनने वारंवार धुतात, तर क्लॅमिडियासाठी तोंडावाटे प्रतिजैविक देतात. आईला अनेकदा कोणतेच लक्षण जाणवलेले नसते. तिला दोष न देता, तिची आणि तिच्या जोडीदाराचीही तपासणी करून दोघांवर त्याच वेळी उपचार करावे लागतात.