छुसा : काटेरी कुंपणाआडचा सुलेखनकार

१८४० साल. कोरियाच्या दरबारातला एक बडा अधिकारी राजदूतांच्या पथकातून बीजिंगला जाणार होता. नेमणूकही झाली होती. पण विरोधकांनी दहा वर्षांपूर्वीचं एक राजकीय प्रकरण उकरून काढलं आणि त्याची रवानगी झाली जेजू बेटावर. घराभोवती काटेरी कुंपण, त्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही.

त्याचं नाव किम जॉंगही. कोरिया त्याला ओळखतो ते ‘छुसा’ या टोपणनावाने.

छुसाचा जन्म १७८६ मधला, घराणं राजाच्या सोयरिकीतलं. तरुणपणी वडिलांबरोबर तो बीजिंगला गेला. तिथे वंग फांगगांग या वृद्ध पंडिताशी त्याचे सूर जुळले आणि जुने शिलालेख वाचायचा नाद लागला तो कायमचा. १८१६ मध्ये बुखान डोंगरावरचा एक शिलालेख त्याने वाचला. लोक तो कुणा भिक्षूचा समजत. निघाला सहाव्या शतकातल्या जिनहंग राजाचा! मग पठ्ठ्याने आपल्या भेटीची नोंद त्याच दगडाच्या कडेवर कोरून ठेवली. आज कुणी असं केलं तर थेट गुन्हा दाखल होईल.

दगडावरच्या त्या जुन्या अक्षरांचा राकटपणा त्याच्या कुंचल्यात उतरला. एक रेघ जाड, दुसरी कृश, अक्षर कलतंय असं वाटावं आणि तरी ते पडत नाही. पहिल्या नजरेत ते सुंदर वाटेलच असं नाही.

जेजूवरून तो बायकोला पत्रं लिहायचा. त्यांत जेवणाच्या तक्रारी फार. १८४२ मध्ये ती गेली. समुद्रापलीकडून बातमी पोचेपर्यंत हा तिच्या प्रकृतीची चौकशी करणारी पत्रं लिहीतच होता.

सत्ता गेली तशी माणसंही पांगली. ई सांगजोक हा दुभाषी मात्र बीजिंगहून पुस्तकं आणून पाठवत राहिला. एक ग्रंथसंच तर १२० खंडांचा. दरबारातल्या कुणाला भेट दिला असता, तर ईचंच भलं झालं असतं. १८४४ मध्ये छुसाने त्याच्यासाठी चित्र काढलं : ‘सेहानदो’, म्हणजे कडाक्याच्या थंडीचं चित्र. कोरड्या कुंचल्याने काढलेलं एक घर आणि चार झाडं. घराची मापं चक्क चुकलेली आहेत. शेजारी कन्फ्यूशिअसचं वचन : थंडी पडल्यावरच कळतं, पाइन आणि सायप्रसची पानं शेवटपर्यंत टिकतात.

ईने ते चित्र बीजिंगला नेलं. सोळा चिनी विद्वानांनी त्यावर अभिप्राय लिहिले. नंतरच्या लिखाणाची भर पडत आज ती गुंडाळी सुमारे चौदा मीटर लांब झाली आहे. विसाव्या शतकात ती फुजित्सुका या जपानी अभ्यासकाकडे गेली. १९४४ मध्ये, ऐन युद्धात, सोन जेह्यंग हा कोरियन सुलेखनकार टोकियोला गेला, फुजित्सुकाची मनधरणी करत राहिला आणि चित्र घेऊनच परतला. पुढच्याच वर्षी बॉम्बहल्ल्यात फुजित्सुकाचा बराचसा संग्रह जळाला.

छुसा १८४८ मध्ये सुटला, पुन्हा हद्दपार झाला, पुन्हा सुटला. एका मित्राला त्याने लिहिलं होतं : सत्तर वर्षांत शाईच्या दहा सहाणी झिजवल्या, हजार कुंचले संपवले. १८५६ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, बोंगउनसा मंदिराच्या ग्रंथागारासाठी त्याने दोन अक्षरांची पाटी लिहिली. बाजूला नोंद : ‘एकाहत्तराव्या वर्षी, आजारपणात’. ना डौल, ना नखरा. सोलच्या गंगनाम भागात ती पाटी आजही पाहता येते.