मे महिन्यातलं प्राग, डिसेंबरातलं हॅलिफॅक्स

मंडळी, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांचा फुटबॉलचा सामना असला की गॅलरीत काय असतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्याच मैदानावर परगावच्या दोन चांगल्या संघांचा सामना लावा. चेंडू तोच, खेळ कदाचित जास्त देखणा, पण गॅलरी अर्धीही भरणार नाही. माझा आजचा विषय बर्फावरच्या हॉकीचा आहे, आणि प्रश्न मात्र हाच आहे : खेळ तोच, स्पर्धाही तीच, मग एका गावात तिकीट मिळत नाही आणि दुसऱ्या गावात खुर्च्या रिकाम्या, असं का?

खेळाची ओळख दोन वाक्यांत. साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद बर्फाचा रिंक, गोलकीपर धरून प्रत्येक बाजूला सहा जण, वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूऐवजी पक, म्हणजे तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाड रबराची चकती. एवढ्यावर आपलं भागेल.

या खेळात दर वर्षी दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. पहिली, मे महिन्यातली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, १६ संघांची. दुसरी वीस वर्षांखालच्या मुलांची, १० संघांची, २६ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपणारी. कागदावर पाहिलं तर थोरांची स्पर्धा मोठी आणि पोरांची धाकटी. युरोपात ते खरंही आहे. कॅनडात मात्र उलटं. तिथे पोरांची स्पर्धा नाताळच्या सुट्टीतला घरोघरचा कार्यक्रम आहे, आणि मे महिन्यातली थोरांची स्पर्धा बऱ्याच घरांत कधी सुरू झाली नि कधी संपली हेही कळत नाही.

याचं कारण कॅलेंडरात आहे. एनएचएल ही उत्तर अमेरिकेची व्यावसायिक लीग. तिचे बाद फेरीचे सामने एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत चालतात. मे महिन्यात जागतिक स्पर्धा भरते तेव्हा कॅनडाचे उत्तमातले उत्तम खेळाडू आपापल्या क्लबसाठी झुंजत असतात. राष्ट्रीय संघात येतात ते आधीच बाहेर पडलेल्या क्लबचे. टोरांटोच्या प्रेक्षकासमोर संध्याकाळी टीव्हीवर स्टॅनली कपचा, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाचा, सामना असतो, आणि दुपारी युरोपातून देशाचा अर्धामुर्धा संघ दिसतो. तो काय निवडणार?

आता तीच वस्तुस्थिती प्रागमधून पाहा. चेक चाहता मे महिन्यात एनएचएलचा तक्ता आपल्या देशाच्या खेळाडूचा क्लब बाद व्हावा म्हणून बघतो! कारण तिकडे क्लब हरला की इकडे खेळाडू मोकळा. नियमही त्याला सोयीचा आहे. संघात २५ जणांची नोंदणी करता येते, पण सगळी नावं पहिल्या दिवशी द्यावीच लागत नाहीत. प्रशिक्षक दोन-तीन जागा मुद्दाम मोकळ्या ठेवतात. २०२४ साली प्रागमध्ये नेमकं हेच झालं. एनएचएलमध्ये बॉस्टनचा क्लब बाद झाला आणि त्यातला चेक खेळाडू डेव्हिड पास्टर्नाक स्पर्धेच्या मध्यावर येऊन दाखल झाला. २६ मेच्या अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडविरुद्ध ४९ मिनिटं शून्य-शून्य होतं, आणि कोंडी फोडणारा गोल त्याचाच. चेक संघ २-० ने जिंकला. टोरांटोत ज्या वेळापत्रकाने रस मारला, त्याच वेळापत्रकाने प्रागमध्ये तो शिगेला नेला.

त्या स्पर्धेला प्राग आणि ऑस्ट्राव्हा मिळून ७,९७,७२७ प्रेक्षक आले. हा या स्पर्धेचा विक्रम. आधीचा विक्रमही याच दोन शहरांचा, २०१५ सालचा : ७,४१,६९०. असा आकडा समोर आला की भारावून जाण्याआधी भागाकार करा. स्पर्धेत एकूण सामने ६४, म्हणजे सामन्यामागे सरासरी १२,४६० च्या आसपास. पण सरासरी फसवते, म्हणून तीन ढीग वेगळे करा : यजमानांचे सामने, शेजारी देशांचे सामने आणि दोन्ही संघ परके असलेले सामने. पहिला ढीग सगळीकडेच भरतो, त्यातून काही कळत नाही. एखाद्या प्रदेशाला खेळाचं खरं वेड आहे की नाही, ते तिसरा ढीग सांगतो. मंगळवारी दुपारी कझाकस्तान विरुद्ध फ्रान्स बघायला किती जण आले, हा खरा काटा.

दुसरा ढीग संयोजकांच्या हातात असतो, आणि इथे त्यांची हुशारी दिसते. १६ संघांचे दोन गट क्रमवारीनुसार नागमोडी पाडतात : पहिला, चौथा, पाचवा, आठवा असे एकीकडे, दुसरा, तिसरा, सहावा, सातवा असे दुसरीकडे. प्रेक्षकांची सोय बघून यात थोडी अदलाबदल करायला वाव असतो. २०२४ मध्ये यजमान संघ प्रागला होता, तर स्लोव्हाकिया आणि पोलंड ऑस्ट्राव्हाला. नकाशा उघडा : ऑस्ट्राव्हा पोलंडच्या सीमेला जवळजवळ खेटून आहे आणि स्लोव्हाकियाही तिथून फार लांब नाही. गाडी काढली, सामना पाहिला, रात्री घरी. निपाणीचा माणूस कोल्हापूरला सामन्याला यावा तसं. यजमान संघ नसतानाही दुसरं शहर त्यामुळे जिवंत राहतं.

हे गणित चुकलं की काय होतं, त्याचं उदाहरण २०१२ आणि २०१३ मध्ये मिळालं. दोन्ही वर्षं हेलसिंकी आणि स्टॉकहोम संयुक्त यजमान. फिनलंड आणि स्वीडनइतके दर्दी प्रेक्षक जगात थोडे. संयोजकांनी तोच हिशेब धरून दर चढे लावले. लोक चिडले आणि घरी टीव्हीपुढे बसले. रिकाम्या खुर्च्या जगाला दिसल्या. ‘इथे रस कमी’ असं त्यावरून कुणी म्हटलं तर ते साफ चूक. रस होता, फक्त तो तिकीट खिडकीपर्यंत पोचला नाही. फिनलंडमध्ये मोठा विजय झाला की लोक एकमेकांना ‘तोरिल्ला तावतान’ म्हणत नाहीत असं कधी होत नाही. सरळ मराठीत सांगायचं तर ‘मंडईच्या चौकात भेटू’. १९९५ मध्ये त्यांनी पहिलं जगज्जेतेपद मिळवलं ते स्टॉकहोममध्ये, स्वीडनलाच ४-१ ने हरवून, आणि फिनलंडचा प्रशिक्षकही स्वीडिश! शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन शेजाऱ्याला पाडणं याची चव शिवाजी पेठेला आणि मंगळवार पेठेला समजावून सांगावी लागणार नाही.

कॅनडाला परत येऊ, कारण एकाच देशात किती फरक पडतो हे तिथे दिसतं. २०१२ ची मुलांची स्पर्धा कॅलगरी आणि एडमंटनला झाली, साडेचार लाखांहून जास्त प्रेक्षक आले. मग महामारीमुळे पुढे ढकललेली २०२२ ची स्पर्धा त्याच एडमंटनमध्ये ऑगस्टात भरली. शहर तेच, कॅनडाने सुवर्णही जिंकलं, आणि स्टेडियम ओस. कारणं एकाहून अधिक होती. राष्ट्रीय हॉकी संघटना तेव्हा लैंगिक अत्याचाराच्या आरोपाची हाताळणी केल्यावरून टीकेखाली होती, प्रायोजकांनी पाठ फिरवली होती. पण उन्हाळा हे कारण माझ्या मते सर्वांत मोठं. कॅनडात उन्हाळा मोजून काही आठवड्यांचा. तेवढ्यात तळ्याकाठी जायचं की बंद इमारतीत बर्फ बघत बसायचं? नवरात्रात कुस्तीचं मैदान आणि भर पावसाळ्यात कुस्तीचं मैदान, यात जो फरक तोच.

मग जेमतेम चार महिन्यांनी, २०२२ च्याच डिसेंबरात, २०२३ ची स्पर्धा (जानेवारीत संपते ते साल तिच्या नावाला लागतं) हॅलिफॅक्स आणि मंक्टनला झाली. मुळात ती रशियात व्हायची होती, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर काढून घेतली गेली. तयारीला वेळ थोडा, पण गर्दी तुडुंब. त्या दोन्ही शहरांत एनएचएलचा संघ नाही. वर्षभराची भूक दहा दिवसांत भागवायची होती. याउलट मॉन्ट्रियल. हॉकीची काशी म्हणावी असं शहर, आणि २०१५ व २०१७ मध्ये तिथल्या सामन्यांना बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तिकीट महाग, संघात क्यूबेकची पोरं मोजकी, आणि मुख्य म्हणजे तिथल्या माणसाची निष्ठा आधीच कनेडियन्स या क्लबला वाहिलेली. पेठेची तालीम ज्याच्या रक्तात, तो राज्याच्या संघासाठी तितक्याच जोरात ओरडेल असं नाही.

टीव्हीचे आकडेही असेच सोलून घ्यावे लागतात. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकचा अंतिम सामना कॅनडाने अमेरिकेविरुद्ध जादा वेळेत ३-२ जिंकला. कॅनडात सरासरी १ कोटी ६६ लाख लोक बघत होते, अमेरिकेत २ कोटी ७६ लाख. वरवर अमेरिका पुढे. लोकसंख्येने भागा : कॅनडात तेव्हा सुमारे ३ कोटी ४० लाख माणसं, म्हणजे निम्मा देश, अमेरिकेत ३१ कोटींच्या आसपास, म्हणजे अकरातला एक. आणखी एक सापळा आहे. कॅनडाचा २ कोटी ६५ लाख हा आकडाही फिरत असतो. तो सामन्याचा काही भाग तरी पाहिलेल्यांचा आहे. सरासरीशी सरासरीच ताडायची.

अमेरिकेतला रस मुळात ऑलिंपिकपुरता आणि वैर असेल तेव्हापुरता. १९८० मध्ये लेक प्लॅसिडला सोव्हिएत संघाला ४-३ ने हरवलं ते आजही सांगतात. जागतिक स्पर्धा २०२५ मध्ये जिंकली, तेव्हा मिनेसोटा किंवा मॅसॅच्युसेट्ससारखे हॉकीचे मुलूख सोडले तर फारसं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

वैराची सगळ्यात धारदार गोष्ट मात्र चेकोस्लोव्हाकियाची. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. मार्च १९६९ मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला दोनदा हरवलं, २-० आणि ४-३. दुसऱ्या विजयाच्या रात्री लोक रस्त्यावर उतरले आणि वेन्सेस्लास चौकातलं एरोफ्लोट या सोव्हिएत विमान कंपनीचं कार्यालय फोडलं. पुढच्याच महिन्यात देशाचे नेते दुबचेक यांना कम्युनिस्ट पक्षाच्या प्रमुखपदावरून जावं लागलं. तिथे आजोबांनी नातवाला हॉकी दाखवली ती या आठवणीसकट.

लहान देशांचं वेड वेगळं. लाटव्हियाची लोकसंख्या १९ लाखांच्या आत, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या निम्मी. तिथे लोकांना जगाच्या मंचावर देशाचं नाव घेणारा हाच एक सांघिक खेळ वाटतो, म्हणून स्पर्धा कुठेही असो, किरमिजी-पांढरे झेंडे घेऊन चाहते हजर. २८ मे २०२३ ला त्यांनी अमेरिकेला ४-३ ने हरवून कांस्यपदक मिळवलं. संसदेने त्याच रात्री बैठक भरवून दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सुट्टी जाहीर केली.

आणि भारत? आपल्याकडे या खेळाचा प्रदेश एकच म्हणावा, लडाख. लेह-कारगिलकडे तळी गोठली की थंडीचे दोन-अडीच महिने खेळ. २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी संयुक्त अरब अमिरातीतल्या अल-ऐनला महिला आशिया चषकात कांस्य मिळवलं, त्या संघाचा कणा लडाखी मुलींचाच होता.

कोल्हापुरात बसून बघायचं तर घड्याळाचा हिशेब असा. मे महिन्यात स्पर्धा मध्य युरोपात असली तर तिथला ४.२० चा सामना आपल्याकडे रात्री ७.५० ला, आणि ८.२० चा ११.५० ला. मुलांची स्पर्धा टोरांटोच्या बाजूला असली तर तिथला रात्री आठचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला. प्रागमध्ये तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात. युरोप तो सामना का बघत नाही याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. आपल्याला मात्र तालमीतून येऊन मिसळ खाता खाता बघता येतो.