आधी पपई, मग डुक्कर : सिसिगची उलटी वाट

मंडळी, बिनमांसाचं सिसिग म्हटलं की फिलिपिन्समधला माणूस आधी हसतो, आणि त्याचं हसणं रास्तच आहे. आज सिसिग म्हणजे डुकराचं डोकं. कान, नाकाड, गाल उकडायचे, निखाऱ्यावर भाजायचे, मग सुऱ्यानं बारीक चिरायचे. त्यात कांदा, मिरची, कोंबडीचं काळीज आणि कालामान्सी नावाच्या गोटीएवढ्या लिंबाचा रस. बिडाच्या तापलेल्या ताटलीत हे सगळं चरचरत टेबलावर येतं, शेजारी थंडगार बिअर असते. यातलं डुक्कर काढून घेतलं तर मागे काय राहणार? माझं म्हणणं असं की बरंच काही राहतं. आणि जे राहतं ते या पदार्थाचं मूळ रूप आहे.

हा पदार्थ पाम्पांगा प्रांताचा. लुझोन बेटावर, मनिलाच्या उत्तरेला. तिथले स्वयंपाकी आपल्या हाताच्या चवीबद्दल भलतेच अभिमानी, आणि बाकीचा देशही कुरकुरत का होईना ते मान्य करतो. दिएगो बेर्गान्यो नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूनं तिथल्या कापाम्पांगान भाषेचा शब्दकोश केला, तो १७३२ चा. त्यात सिसिगची नोंद आहे. कच्ची पपई किंवा कच्चा पेरू, त्याला मीठ, मिरी, लसूण आणि व्हिनेगर. म्हणजे काय, तर कोशिंबीर! डुकराचा पत्ताच नाही.

थोडं विषयांतर करतो. पपई आणि पेरू ही दोन्ही झाडं मूळची अमेरिकेतली. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून मनिलाला स्पॅनिश गलबतं येत होती. अमेरिकेतली कितीतरी झाडं त्या वाटेनं आशियात उतरली. लिन्सखोटेन नावाचा एक डच माणूस १५८०च्या दशकात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्यानं लिहून ठेवलंय की पपई हे फळ फिलिपिन्सच्या पलीकडून मलाक्काला आलं आणि तिथून हिंदुस्थानात. तेव्हा तुमच्या परसातल्या पपईचं आणि सिसिगमधल्या पपईचं गाव एकच निघालं. असो.

मग या कोशिंबिरीत डुक्कर शिरलं कसं? पाम्पांगातली जाणती माणसं सांगतात की आंबट सिसिग हे गरोदर बायकांचं खाणं होतं. यावर मराठी घरात वेगळं काही सांगायला नको. आपल्याकडे डोहाळे लागले की चिंच, कैरी, आवळा पुढे येतो, तसंच ते. पुढे त्या आंबटात उकडलेले डुकराचे कान नि शेपट्या पडू लागल्या, कारण कान खाल्ले की बाळाची हाडं बळकट होतात असा समज. दारू जास्त झालेल्यांनाही हाच आंबट उतारा दिला जाई. गरोदर बाईच्या खोलीतून पदार्थ गुत्त्यात गेला तो असा.

आजचं सिसिग मात्र फार अलीकडचं आहे. पाम्पांगातल्या आंजेलेस शहराला लागून क्लार्क हा अमेरिकन हवाई दलाचा मोठा तळ होता, १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटेपर्यंत. तळावरच्या लोकांना डुकराचं मांस हवं असे, डोकी नको असत, म्हणून ती स्वस्तात बाहेर येत. लुसिया कुनानन, सगळ्यांची आलिंग लुसिंग, यांची रेल्वेच्या जुन्या रुळांजवळ टपरी होती. १९७४ च्या सुमारास त्यांनी उकडलेले कान निखाऱ्यावर भाजून, बारीक चिरून, कांदा-काळीज घालून द्यायला सुरुवात केली. या एका भाजण्यानं कोशिंबिरीचं दारूसोबतचं चमचमीत चाखणं झालं. तापलेली ताटली त्याच्याही नंतरची. आणि २०१७ साली आंजेलेसच्या नगरपरिषदेनं डुकराचं सिसिग हा शहराचा अमूर्त वारसा म्हणून जाहीर केला. म्हणजे सरकारी वारसा उणापुरा पन्नास वर्षांचा आणि कोशात नोंदलेला त्याच्या कितीतरी आधीचा. मला यात त्या बाईंचं श्रेय कमी करायचं नाही. टाकाऊ मानलेल्या डोक्यातून असं खाणं काढणं हे मोठंच काम आहे.

आता चुलीकडे वळू. बिनमांसाचं सिसिग बहुतेक वेळा फसतं, ते एकाच गोष्टीला सगळी कामं सांगितल्यामुळे. टोफूचे तुकडे तळले, सोया सॉस शिंपडला, झालं सिसिग! नाही होत. डुकराच्या डोक्यात तीन वेगळे पोत असतात. कानातली कूर्चा दाताखाली कुरकुर वाजते. कातडी चिवट असते, आणि भाजली की कडेनं खुसखुशीत होते. चरबी, काळीज, जुन्या पद्धतीत मेंदूसुद्धा, हे सगळं मिळून जिभेवर साय धरल्यासारखं लागतं. ही तीन कामं तीन वेगळ्या जिनसांना वाटून द्यावी लागतात.

कूर्चेसाठी काळी अळंबी, जी चिनी सुपात लांब काळ्या पट्ट्यांसारखी दिसते. फिलिपिन्सच्या बाजारात तिला उंदराचे कान म्हणतात, आणि कानाच्या जागी कानच घालायचा हे मला फार आवडतं. वाळलेली मिळते, १५ ग्रॅम पुरे, भिजली की ढीगभर होते. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, देठाची गाठ काढून टाका, पाच मिनिटं उकळा आणि बारीक चिरा.

चिवटपणासाठी धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम), ३०० ग्रॅम. अळिंबी कितीही शिजवली तरी भाजीसारखी गळत नाही, कारण तिच्या पेशींच्या भिंतीत काइटिन नावाचं चिवट द्रव्य असतं आणि ते उष्णतेला दाद देत नाही. (काटेकोर बोलायचं तर अळिंबी वनस्पतीही नव्हे, पण त्या वादात आज शिरत नाही.) हातानं उभी फाडा. तव्यावर तेल न घालता टाका. पाणी सुटेल, ते आटू द्या. मग थोडं तेल घालून वरून जड पातेलं दाबून ठेवा, म्हणजे कडा काळपट होतील. कोळशाची शेगडी असेल तर काहीच प्रश्न नाही. हे करपवणं टाळू नका. आलिंग लुसिंगनी सिसिगमध्ये जी भर घातली ती हीच.

टोफू आहेच, घट्ट, ४०० ग्रॅम. फिलिपिन्समध्ये टोफू म्हणजे शाकाहाऱ्यांची सोय असं कुणी मानत नाही. चिनी व्यापाऱ्यांबरोबर तो तिथे शतकांपूर्वी आला. टोफू आणि डुकराचे कान, सोबत सोया सॉस-व्हिनेगर, ही तिथल्या खानावळीतली नेहमीची जोडी. आदल्या रात्री टोफू फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी बाहेर काढा, वितळला की दोन तळव्यांत धरून पिळा. बर्फाच्या स्फटिकांनी आत भोकं पाडलेली असतात, त्यामुळे तो स्पंजासारखा होतो आणि नंतर आंबट रस धरून ठेवतो. बोराच्या बीएवढे तुकडे करून लालसर तळा. पनीर चालेल का, असा प्रश्न इथे हमखास येतो. चवीला वाईट लागणार नाही, पण ते दुधाचं, आणि आपण प्राण्याचं काहीच नको म्हणून निघालो आहोत.

सायीचं काम काजूंकडे. बारा-पंधरा काजू भिजवून, लसणाच्या दोन पाकळ्या, मिरी आणि चमचाभर सोया सॉस घालून गुळगुळीत वाटा. काळजाचा कडवट, मातकट स्वाद हवा असेल तर धिंगरीचे करपवलेले देठ याच वाटणात घाला. मनिलातल्या बऱ्याच उपाहारगृहांत यासाठी अंड्याचं मेयोनीझ ढीगभर घालतात. पाम्पांगातले जुने लोक त्यावर नाक मुरडतात आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. मेयोनीझ आंबटाला झोपवतं. आणखी एक, तिकडे गेलात आणि ‘टोफू सिसिग’ मागवलंत तर त्यात अंडं आणि कालवांचा ऑयस्टर सॉस आहे का ते विचारून घ्या. पुष्कळदा असतो.

आता आंबट, म्हणजे खरा कारभारी. इथे दोन आंबट लागतात आणि दोघांची वेळ वेगळी. व्हिनेगर आगीवर जातं, म्हणजे त्याचा नाकात चढणारा तिखटपणा उडतो. लिंबू आग विझल्यावर, कारण त्याचा वास उष्णतेत टिकत नाही. व्हिनेगर शक्यतो गोव्यातलं, माडाच्या सुरेचं आणा. फिलिपिन्समध्येही माडाच्या ताडीचं व्हिनेगर घरोघरी असतं. डुकराचं मांस नि काळीज बारीक चिरून त्या व्हिनेगरमध्ये मुरवण्याची रीत गोव्याच्या सोरपोतेलमध्येही आहे, तेव्हा हा स्वाद आपल्या किनाऱ्याला परका नाही. बाटलीतलं पांढरं कृत्रिम व्हिनेगर नुसतं आंबट असतं, त्याला चव नसते. कालामान्सीचा रस लिंबापेक्षा थोडा संत्र्याकडे झुकतो. म्हणून दोन लिंबांच्या रसात अर्ध्या संत्र्याचा रस मिसळा.

आणि माझी स्वतःची भर, खरं तर बेर्गान्योच्या काळातली परतफेड : मूठभर कच्ची पपई. सोलून, चीक धुऊन, काडेपेटीच्या काडीसारखी चिरा, मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. ती अगदी शेवटी, वाढताना घाला. कच्च्या पपईतलं पपेन प्रथिनं मोडतं, त्यामुळे टोफूबरोबर तासभर ठेवली तर टोफू मऊ पडायची शक्यता. गरोदर बाईसाठी करत असाल तर आपल्याकडे कच्ची पपई वर्ज्य मानतात, तेव्हा कच्चा पेरू घ्या. सिसिगचा इतिहास पाहता हे सांगणं जरा गमतीचंच आहे, पण सासूबाईंशी कोण भांडणार?

जुळवणी पाच मिनिटांची. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा. तेल, मग धिंगरी, काळी अळंबी, टोफू. दोन चमचे व्हिनेगर कडेनं सोडा आणि लगेच हलवू नका, वाफ जाऊ द्या. चमचाभर सोया सॉस. काजूचं वाटण तव्याच्या मध्यावर घालून भराभर फिरवा. गॅस बंद करून दोन कच्चे कांदे बारीक चिरून, चार-पाच लवंगी मिरच्या, लिंबू-संत्र्याचा रस, पपई. कांदा शिजता कामा नये. मीठ सगळ्यात शेवटी चाखून, कारण सोया सॉस आधीच खारट असतो.

हे चार माणसांना भाताबरोबर पुरतं. चाखणं म्हणून मांडलंत तर सहा जणांना. भात साधा, बिनमिठाचा, थोडा चिकट असेल तर चांगलं. बासमती इथे नको, कोलम किंवा इंद्रायणी घ्या. लिंबाच्या जादा फोडी वेगळ्या वाटीत ठेवा आणि सामायिक ताटलीवर पिळण्याआधी बाकीच्यांना विचारा. फिलिपिन्समध्ये यावरून टेबलावर खरोखर वाद होतात, आणि माझ्या मते विचारणाऱ्याची बाजू बरोबर असते.