मोत्याच्या नाकाला काम द्या

नमस्कार मंडळी. आज बोलायच्या आधी एक गोष्ट दाखवते.

(कॅमेरा खाली, ओसरीच्या फरशीवर)

हे जुनं गोणपाट. ह्यावर सकाळचीच अर्धी ज्वारीची भाकर बारीक कुस्करून टाकते. आता गोणपाट सैल गुंडाळते, दोन घड्या घालते, आणि हे आमच्या कुत्र्यासमोर, मोत्यासमोर ठेवलं. आता मी गप्प बसते, तुम्ही फक्त आवाज ऐका.

ऐकलात? आधी भराभर सूं-सूं-सूं, मग मध्येच एक फुर्र. ते फुर्र म्हणजे नाक मोकळं करणं. जुना वास बाहेर टाकला, आता परत नवा घेणार. अर्धी भाकर त्यानं ताटलीतून अर्ध्या मिनिटात गिळली असती. ह्या गोणपाटाला त्याला आठ-दहा मिनिटं पुरतात, आणि नंतर तो अंग सोडून झोपतो. हे एवढंच दाखवायला आज कॅमेरा लावलाय.

मोत्या आमच्या मानवतकडच्या आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या घरचा. तीन वर्षं लिंबाखाली बांधलेला होता. साखळी पाच हात. ती जिथपर्यंत पुरायची तिथपर्यंत जमीन गोल घासून सिमेंटसारखी टणक झाली होती, भर पावसाळ्यातही तिथं गवताची काडी यायची नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकायचा, कुणी नसलं की स्वतःभोवती फिरत राहायचा, आणि पुढचा डावा पाय चाटून चाटून पार सोलून काढला होता. आम्ही मलम लावलं, तेल लावलं, हळद लावली. आठ दिवस बरं, की परत तेच. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कातडी तपासली, गोचीड बघितले, आणि विचारलं, "हा दिवसभर काय करतो?"

मला उत्तरच देता आलं नाही. काहीच करत नव्हता तो.

कुत्रं सतत पाय चाटत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवाच. खरूज असू शकते, ॲलर्जी असू शकते. आपल्याकडं परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथं न्या. पण कातडीत काही सापडलं नाही, तर त्याचा दिवस कसा जातो ते बघा.

आता नाकाचं सांगते. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख. कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. सकाळी आपण पेपर चाळतो ना, तसं ते रस्त्यावरचा खांब चाळतं. रात्री कोण आलं होतं, नर होता की मादी, कधी गेलं. म्हणून फिरायला नेल्यावर ते थांबलं की दोरी ओढू नका. "चल रे, किती वास घेतोस" असं मीसुद्धा म्हणायचे. आता वीस मिनिटांत आम्ही जेमतेम पाणंदीच्या वळणापर्यंत जातो, आणि ते पुरतं.

मात्र कपाशीवर नुकतीच फवारणी झाली असेल तर त्या धुऱ्यावर अजिबात नेऊ नका. नाक जमिनीला लावून चालणारं जनावर आहे ते.

आणि उन्हाळ्यात वेळ सांभाळा. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 ला जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडासा पायाच्या गादीला येतो, बाकी सगळी गरमी ते धापा टाकून बाहेर काढतं. डांबरी रस्त्याला हाताची पालथी बाजू लावा. सात सेकंद ठेवता आली नाही, तर त्याचे पायही तिथं भाजणार. सकाळी सातच्या आत नाहीतर दिवस मावळून जमीन निवल्यावर. दुपारी त्यानं झाडाखाली खड्डा उकरला तर रागावू नका, ते खालची गार माती शोधतंय. आम्ही रांजणाजवळ एक कोपरा त्याला देऊनच टाकलाय, दुपारी तिथं एक तांब्या पाणी मारते.

लातूरकडं ज्यांच्याकडं कारवान जातीची शिकारी कुत्री आहेत त्यांनी एवढ्यावर भागवू नये. ते कुत्रं नजरेनं धावणारं, त्याला रान लागतं. पीक निघालेल्या वावरात लांब दोरीला फडकं बांधून तुम्ही पळा, ते मागं पळेल. सशामागं सोडू नका. सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

साखळीबद्दल मला मनापासून बोलायचंय. शेतावर कुत्रं मोकळं सोडलं तर शेजाऱ्याच्या शेळ्यांमागं जातं, ही अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण 1960 चा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, त्याचं कलम 11 वाचा. फार आखूड किंवा फार जड साखळीनं जनावर तासन्‌तास बांधणं त्यात गुन्हा धरलंय. आणि कुत्र्यासाठी तर वेगळं लिहिलंय: नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही, तर तोही गुन्हा. "रात्री सोडतो की" असं बरेच जण म्हणतात. मग दिवसाचे बारा तास त्यानं काय करायचं?

भाऊजींनी लिंबापासून गोठ्याच्या खांबापर्यंत तार ओढली, तारेत कडी, कडीला साखळी. दोन्ही टोकांच्या थोडं अलीकडं तारेला गाठ मारली, म्हणजे खांबाला वेढे पडून गळा आवळत नाही. दुपारी चार तास तेवढा तो तारेवर असतो, पाणी आणि सावली दोन्ही पोचेल असा. पायाची जखम दोन महिन्यांत भरली. केस अजून विरळ आहेत, हे बघा.

गोणपाटात काय घालायचं नाही तेही ऐका. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसणाचा रस्सा नको. शिजलेली हाडं नकोत, त्यांच्या अणकुच्या होतात आणि आतड्यात रुततात. बुरशी आलेली भाकर नको. आणि गोणपाटाचे धागे गिळत नाही ना, म्हणून जवळ बसा. घरात दोन कुत्री असतील तर दोन गोणपाटं, लांब लांब. लेकरांना त्या वेळी जवळ जाऊ देऊ नका. आणि कुत्रं वैतागून नुसतं भुंकायला लागलं, तर गुंडाळी सैल करा.

आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, सुरुवातीला म्हणायच्या, "कुत्र्याला कशाचा खेळ लागतोय? भाकर टाका न् गप बसा." आता संध्याकाळी चुलीपुढून उठताना शेवटची भाकर त्याच मोडतात, कडब्याच्या पाचोळ्यात तुकडे उधळतात, आणि एकच शब्द बोलतात, "हुडक." मोत्या तोवर हलत नाही. त्यांच्या तोंडाकडं बघत बसलेला असतो.