मशीन देशी घ्यायचं की बाहेरचं? आधी दार उघडून बघा

नमस्कार मंडळी. स्टेजवर उभं राहून बोलायची मला सवय नाही. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं शेड, तीन टर्निंग सेंटर, एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन), बिडाच्या कास्टिंगचं जॉबवर्क, एवढाच माझा अधिकार. तरीपण महिन्यातनं एक तरी माणूस येऊन विचारतोच, सीएनसी (संगणकानं चालणारं धातू कापायचं मशीन) देशी घेऊ की इंपोर्टेड? मी उलटं विचारतो, देशी म्हणजे नेमकं काय?

कारण बघा, बेंगळूर, राजकोट, कोइमतूरला जी मशीनं बनतात त्यांचं ओतकाम इथलं, जोडणी इथली, पण मागचं कॅबिनेट उघडा की, आत बहुतेक वेळा जपानी फानुक नाहीतर जर्मन सीमेन्सचा कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, स्लाईड हलवणारी सर्वो मोटर त्यांचीच, स्लाईड ज्यावर सरकते ते गाईडवेपण बरेचदा जपान-तैवानचे. हाडं आपली, मेंदू आणि गुडघे बाहेरचे. उलट बाहेरनं आलेल्या काही मशीनांचा कंट्रोल त्यांचा स्वतःचा असतो, अमेरिकन हासचा वेगळा, जपानी ओकुमाचा ओएसपी, माझाकचा माझाट्रोल. चांगले आहेत, हासचा तर नवीन पोरगंपण लवकर शिकतं, पण बोर्ड गेला की तो त्याच कंपनीकडनं यायला पाहिजे. फानुक असला तर त्यांचं ऑफिस बेंगळुरात आहे, आणि त्याची नस माहीत असलेले मेकॅनिक आपल्या भागातपण सापडतात. म्हणून देश नंतर विचारा, कंट्रोल कुणाचा ते आधी.

आमचंच सांगतो. एक इंपोर्टेड मशीन घेतलेलं, नाव नको. जुलैचा पाऊस, लाईट ये-जा करायलेली, ड्राईव्ह, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, उडाला. पार्ट परदेशातनं, २३ दिवस लागले. हप्ता काय थांबत नाही, आणि गिऱ्हाईकानं तो जॉब पलीकडच्या गल्लीत दिला तो अजून परत आलेला नाही. चूक आमचीपण होती, स्टॅबिलायझरचे पैसे वाचवलेले. जपानी मशीन बरेचदा २०० व्होल्टवर चालतं, आपल्याकडं थ्री फेज ४१५, ट्रान्सफॉर्मर लागतो, तो कोटेशनमध्ये धरलाय का ते विचारा. मी नव्हतं विचारलं.

देशी मशीन बंद पडलं तेव्हा इंजिनिअर राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री बसला, सकाळी शेडात हजर. त्याच्याही आधी आमचा खानापूरचा ऑपरेटर, घरात चोख मराठी, फोनवर इंजिनिअरला कन्नडात अलार्म नंबर वाचून दाखवायलेला, हे फिरव, ते बघ, असं करत अर्धा दोष तिथंच कळला. कॅटलॉगात हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

म्हणून मी काय देशीची आरती ओवाळत नाही हां. आपल्याकडं हायड्रॉलिकचं काम बरंच आहे. व्हॉल्व्हचा स्पूल ज्यात सरकतो त्या बोअरला काही मायक्रॉनचा खेळ, सकाळी स्पिंडल, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, गार, दुपारी तापून वाढलेला, पहिला जॉब आणि पन्नासावा जॉब जुळत नाहीत, मग होनिंगवाला, म्हणजे बोअर घासून फिनिश करणारा, बोंबलतो. तिथं स्पिंडल गार ठेवणारा चिलर, तापल्यानं पडणारा फरक भरून काढणारं थर्मल कॉम्पेन्सेशन नीट पाहिजे, आणि यात चांगलं जपानी मशीन अजून पुढं आहे, कबूल करायला लाज कसली. पण पंपाची बॉडी, ब्रॅकेट, फ्लँज असली कामं करणाऱ्यानं त्यासाठी दीडपट-दुप्पट पैसे घालू नकासा.

अॅक्युरसीच्या आकड्यानं पण फसू नका. जपानी जिस पद्धतीनं दिलेला आकडा आणि आयएसओ २३०-२ किंवा जर्मन व्हीडीआय ३४४१ नं काढलेला आकडा, दोन्ही शेजारी ठेवून तुलना होत नाही, जिसचा आकडा त्याच मशीनला लहानच दिसतो. सेल्समनला विचारा, कुठल्या स्टँडर्डनं? गप्प बसला तर समजून घ्या.

आणि बीड. बिडाची भुकटी, त्यात चिकटलेली वाळू, स्लाईडच्या तेलात मिसळली की धातू झिजवणारी लॅपिंग पेस्टच तयार होते, मग मशीन कुठल्याही देशाचं असू दे. वायपर, टेलिस्कोपिक कव्हर हातानं ओढून बघा. मोठे कट घेणार असाल तर बॉक्स वे (रुंद, घासत सरकणारे गाईडवे) मागा, स्पीड कमी मिळेल पण हादरा पचवतं. शोरूममध्ये ॲल्युमिनियमचा चकचकीत जॉब कापून दाखवतात, तो कुणीपण कापेल. आपल्या फौंड्रीतली पाच कास्टिंग पोत्यात घालून घेऊन जा, वरच्या कडक खपलीसकट (स्केल), आणि सलग कापायला लावा.

ईपीसीजी, म्हणजे निर्यातदारांना मशीनवरची आयात ड्युटी माफ करणारी सरकारी योजना, तिच्यात ड्युटी वाचते म्हणून कुणी मोहात पडला असेल तर, वाचलेल्या ड्युटीच्या ६ पट निर्यात ६ वर्षांत दाखवायची असते. आपला माल गल्लीतल्याच कंपनीला जात असेल तर आधी सीएला विचारा.

मागनं कोण विचारतंय, सेकंडहँड जपानी स्वस्त मिळतंय, घेऊ का? घ्या, पण काही मशीनांत जागा हलवल्याचं कळणारं सेन्सर असतं. ट्रकवर चढवून इथं आणलं की मशीन लॉक, आणि कंपनीचा कोड मिळाल्याशिवाय सुरू होत नाही. पैसे द्यायच्या आधी तो कोड कोण देणार ते लिहून घ्या, आणि मेमरीची बॅटरी मेली नाही ना, पॅरामीटरचा (मशीनच्या सेटिंगचा) बॅकअप आहे ना, तेपण तिथंच उभं राहून बघा.