बांडगूळ आणि फुलटोच्या

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

आजचा विषय जेमतेम आठ सेंटिमीटर लांबीचा आहे, त्यामुळे व्याख्यानही आटोपशीर होईल अशी आयोजकांची समजूत झालेली दिसते. फिकट चोचीचा फुलटोच्या, ज्याला आपण टिकेलचा फुलटोच्या म्हणूनही ओळखतो, तो भारतातील सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक आहे. वरून राखी-तपकिरी, खालून मळकट पांढरा, चोच किंचित बाकदार आणि मांसल रंगाची; सजावट म्हणावी असे काहीच नाही. छायाचित्रकार त्याला शिंजिराची, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या सूर्यपक्ष्याची, मादी समजून सोडून देतात. तुमच्यापैकी प्रत्येकाने त्याचे ‘चिक् चिक्’ सिंगापूर चेरीच्या झाडावर ऐकलेले आहे, आणि बहुतेकांनी ते खारीच्या नावावर जमा केले असावे.

बांडगूळ आणि हा पक्षी यांनी एकमेकांना कसे घडवले, हे मला आज सांगायचे आहे. पण त्याआधी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. आमच्या वसाहतीतील जुन्या आंब्यावर बांडगुळाचे चार-पाच झुबके होते. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ‘परोपजीवी’ हा शब्द कोणीतरी उच्चारला आणि त्यानंतर चर्चा उरलीच नाही. ऐन फळांच्या दिवसांत माणूस चढवून झुबकेच नव्हे, तर ज्या फांद्यांवर ते होते त्या सर्व फांद्या बुंध्यापासून उतरवण्यात आल्या, आणि आंबा एका अंगाने बोडका झाला. पुढे त्याच समितीने परिसरात पक्षी फिरकत नाहीत म्हणून सिमेंटचे पाणवठे बसवण्यासाठी वर्गणी मागितली. मी ती दिली. पावती अजून मिळायची आहे.

हापूसच्या बागायतदाराने बांडगूळ काढू नये, असे मी म्हणणार नाही. ते झाडात मुळासारखे अवयव रुतवून पाणी आणि क्षार ओढते, फांदी खंगते, उत्पन्न घटते. मात्र त्याची पाने हिरवी असतात आणि अन्न ते स्वतः तयार करते, हेही सांगायला हवे. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर वाढतात. ज्या आंब्याचे उत्पन्न कोणी मोजत नाही, त्यावर दोन झुबके राहू द्यायला काय हरकत आहे?

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेला मुद्दा आता घाईने मांडतो. पक्षितज्ज्ञ सालीम अली यांनी कोकणातील बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोचे यांचा वाटा काय, यावर १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये निबंध लिहिला. फुलटोच्या बांडगुळाच्या काही जातींची फळे चोचीत चेंगरून गर खातो आणि चिकट बी फांदीला पुसतो. काही फळे तो सबंध गिळतो आणि अवघ्या काही मिनिटांत बी बाहेर येते. तेही चिकटच असल्याने त्याला बूड फांदीवर घासावे लागते, आणि पेरणी तिथेच होते. जमिनीवर पडलेले बी वाया जाते, म्हणून बांडगुळाला नेमका असाच वाहक लागतो. त्याच्या ऑस्ट्रेलियातील भाईबंदाच्या शरीरात तर पेषणी, म्हणजे अन्न दळणारे जठर, अन्नमार्गाच्या बाजूला पिशवीसारखी असते. कोळी-कीटक तिच्यात जातात आणि फळ तिला वळसा घालून पुढे सरकते.

निलगिरीत अभ्यास करणाऱ्या प्रिया दाविदार यांनी १९८३ साली याहून चमत्कारिक गोष्ट दाखवली. फुलटोच्यांकडून परागण होणाऱ्या काही बांडगुळांची फुले त्यांच्याच फळांसारखी दिसतात. पक्व कळी आपण होऊन उमलत नाही. पक्षी चोचीने दाबतो तेव्हाच ती उघडते. म्हणजे फळाच्या ओढीने आलेला पक्षी कळीलाही चोच लावून जातो, आणि पुढच्या फळाची तजवीज त्याच फेरीत होते.