जावक मुंबईत, आवक केंब्रिजमध्ये

(मुंबईच्या जुन्या व्यापारी घराण्यांच्या कागदपत्रांवर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. कागदपत्रांकडे वळण्याआधी मी एक नातं सांगते. १७९९ साली, पुढे मुंबईचे मोठे व्यापारी झालेले जमशेटजी जीजीभॉय सोळा वर्षांचे होते आणि आईवडील दोघेही गेले होते. मुंबईच्या कोटात त्यांचे मामा फ्रामजी नसरवानजी यांचा वापरलेल्या बाटल्यांचा धंदा होता, म्हणून आडनाव बाटलीवाला. भाचा मामाकडे राहिला, तिथेच धंद्याला लागला, आणि १८०३ साली मामाच्याच मुलीशी, आवाबाईशी, त्याचं लग्न झालं. आवाबाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या.

मामेबहिणीशी लग्न आपल्याही कित्येक घरांत झालेलं आहे, त्यात तुम्हाला नवल वाटणार नाही. पण जरा वहीखात्याच्या बाजूने बघा. मामा, शेठ आणि सासरा एकच माणूस. समजा, त्याने या मुलाला शंभर रुपये दिले, तर ते कुठल्या खात्यावर मांडायचे? पगार, भांडवल, की जावयाचा मान? आज आपण संग्रहालयात कागद लावताना ‘कौटुंबिक’ आणि ‘व्यापारी’ असे दोन कप्पे करतो. माझं म्हणणं असं आहे, की या घराण्यांच्या बाबतीत हे दोन कप्पे करणं हीच पहिली चूक आहे.

त्या काळचा धंदा डोळ्यांसमोर आणा. बाँबे बँक निघाली १८४० साली. त्याआधी पतपेढीचं बरंचसं काम सराफ आणि सोयरे यांच्यावरच चाले. मुंबईहून गलबत चीनच्या कँटन बंदराला जायचं ते वाऱ्याच्या मोसमावर, आणि पत्राचं उत्तर यायला महिनोन्‌महिने. इथे भाव ऐकून माल भरला, तिथे पोचेपर्यंत भाव पडलेला. अशा वेळी पलीकडे उभ्या असलेल्या माणसाने स्वतःच्या अकलेने माल विकायचा आणि हिशेब मात्र खरा पाठवायचा, हे कशाच्या भरवशावर? जो माणूस दगा देऊन पुन्हा त्याच पंगतीला बसू शकत नाही, त्याच्या भरवशावर. सोयरीक म्हणजे त्या काळचा जामीन होता.

जमशेटजींच्या पत्रवह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. पत्रवही म्हणजे बाहेर गेलेल्या पत्रांची नकल उतरवून ठेवलेली बांधीव वही, आपल्या कचेऱ्यांच्या भाषेत ‘जावक’. आणि ती पत्रं जिथे पोचली त्या, चीनशी व्यापार करणाऱ्या जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश कंपनीचं दफ्तर आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. एकाच संवादाची जावक मुंबईत आणि आवक केंब्रिजमध्ये! या ओळखीची सुरुवातही विलक्षण आहे. १८०५ साली ‘ब्रन्सविक’ हे जहाज फ्रेंचांनी पकडलं. त्यावर जमशेटजी प्रवासी होते आणि विल्यम जार्डिन जहाजाचा डॉक्टर होता. दोघं कैदेत सापडले. चीनच्या व्यापारातली पुढची भागीदारी या ओळखीतून वाढली.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जमशेटजींचे मुंबईतले निकटचे भागीदार कोण? मोतीचंद अमीचंद जैन, महंमद अली रोगे कोकणी मुसलमान, रोजेरियो द फारिया गोव्याचे ख्रिस्ती. या चौघांच्या घरांत आपसात लग्न होणं शक्यच नव्हतं. म्हणजे जिथे सोयरीक पोचत नव्हती, तिथे विश्वास दुसऱ्या कशाने तरी बांधावा लागत होता: जहाजातला हिस्सा, एकत्र भरलेला माल, वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार. घराण्याचे कागद वाचताना नातं कुठे संपतं हेही बघायला हवं. मुंबई नावाचं शहर मला त्या सीमेपाशी घडताना दिसतं.

आणि माल कोणता होता, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. कापूस होता, पण मोठा पैसा माळव्याच्या अफूत होता. १८३९ साली कँटनमध्ये चिनी अधिकारी लिन त्सेशू यांनी अफूच्या २०,०००हून अधिक पेट्या ताब्यात घेऊन नष्ट केल्या. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा त्यात मोठा वाटा होता. त्यावरून झालेल्या अफूच्या युद्धात चीन हरला, आणि १८४२च्या नानकिंगच्या तहात चीनकडून त्या अफूपोटी साठ लाख डॉलर वसूल करण्याचं ठरलं. त्याच १८४२ साली जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला. १८४५ साली जे. जे. रुग्णालय सुरू झालं, आणि आवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिलेला माहीमचा बंधारा-रस्ताही त्याच साली खुला झाला. मी ज्या रुग्णालयाच्या दारात नातेवाइकांसाठी रात्री काढल्या, त्याचा पाया या पैशावर आहे. हे वाचताना मन स्वस्थ राहत नाही आणि राहू नये असं मला वाटतं.

वाचणाऱ्याला अडवणारी आणखी एक गंमत नावांची. १८५७ साली जमशेटजींना बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब मिळाला आणि पुढे असं ठरलं, की जो वारस होईल त्याने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचं. थोरले चिरंजीव खरशेटजी, तेही दुसरे ‘सर जमशेटजी’ झाले. त्यामुळे सही वाचून भागत नाही; तारीख बघावी लागते, कागद बघावा लागतो, कोणाला लिहिलंय ते बघावं लागतं.

आता ससून घराणं, मूळचे बगदादचे ज्यू व्यापारी. डेव्हिड ससून १८३२ साली बगदादकडून बुशहरमार्गे मुंबईत आले. १८६४ साली पुण्यात वारले. त्यांची कबर तिथल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात आहे. या घरच्या पत्रांची भाषा बगदादची अरबी, पण लिपी हिब्रू. मोडी कागद हातात घेतलेल्यांना हा अनुभव कळेल: भाषा ओळखीची आणि डोळ्यांना मात्र काहीच लागत नाही. ती पत्रं आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

या घरातली फरहा मला सर्वांत जवळची वाटते. ती डेव्हिड ससून यांच्या थोरल्या मुलाची, अब्दुल्लाची, नात. म्हणजे त्याच्या मुलीची मुलगी. तिचं लग्न १८७६ साली झालं ते सुलेमानशी. सुलेमान हा अब्दुल्लाचा सावत्र भाऊ! नवरा हाच आईचा सावत्र चुलता. १८९४ साली सुलेमान गेला आणि मुंबईच्या पेढीचा कारभार फरहाने हाती घेतला. प्लेगच्या दिवसांत हाफकिनच्या लशीच्या बाजूनेही ती उभी राहिली. विधवेला गादीवर बसू दिलं ते तिच्या हुशारीमुळे, पण ती सून होती तशी घरचीच लेकही होती, हेही तितकंच खरं. १९०१ साली पेढीची मर्यादित कंपनी झाली आणि ती मुलांना घेऊन लंडनला गेली. घराचं पद आणि पेढीचं पद एकत्र असेपर्यंत तिला जागा होती. ही दोन पदं कागदावर वेगळी झाली, तेव्हा तिची जागाही गेली.

मघाशी एकांनी विचारलं, की घरी पणजोबांच्या दुकानाच्या कागदांचं गाठोडं आहे, लग्नपत्रिका, पावत्या, पत्रं सगळं एकात एक, काय करू? एवढंच करा: सोडण्याआधी दोरीसकट फोटो काढा, आणि वरून खाली प्रत्येक कागदाला शिसपेन्सिलीने कोपऱ्यात बारीक आकडा घाला. लग्नपत्रिका ज्या पावतीला टाचलेली असेल, ती त्याच पावतीला टाचलेली राहू द्या.